वादळातून कृसापर्यंत : संत गोन्सालो गार्सिया



मे महिन्याच्या अखेरीस इंदिरानगरवर ढग गडगडू लागले, की गच्चीवरचे वाळवण उचलायची धावपळ होते, लाईट जाते आणि गावाकडे ज्यांचा कांदा उघड्यावर पडला आहे त्यांच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी आपल्याच महाराष्ट्रातील एका संताची आठवण होते. त्यांचे मरण एका वादळाशी जोडलेले आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज सैनिक, आई वसईची. येशूसंघीय धर्मगुरूंकडे शिकून ते कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि धर्मशिक्षण देऊ लागले. येशूसंघात प्रवेश मिळण्याची त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला. तो चांगला चालला, पण मन रमेना. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते जपानला परतले व क्योतो येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेत रमले.

जुलै १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत मनिलाहून मेक्सिकोकडे निघाले. वादळांनी त्याची दैना केली. भरकटत ते ऑक्टोबरमध्ये जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. सत्ताधीश हिदेयोशी यांनी त्यातील माल जप्त केला. त्या वादात मिशनरी हे स्पेनच्या स्वारीची पूर्वतयारी करीत आहेत, असा संशय बळावला आणि धरपकड सुरू झाली. वादळ गोन्सालो यांनी आणले नव्हते, मालही त्यांचा नव्हता. शिक्षा मात्र त्यांच्या वाट्याला आली.

क्योतो येथे बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांनी कृसावर प्राण दिले. त्याच गलबतातून वाचलेले मेक्सिकोचे तरुण फेलिपे हेही त्यांच्यात होते.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या रक्तसाक्षींना संतपद बहाल केले. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत. ८ जून म्हणजे आपल्याकडे मृग लागण्याचे दिवस!

वादळ कोणाची पापपुण्ये पाहून येत नाही. यंदा शेजाऱ्याचे पत्रे उडाले, कोणाचे पीक झोडपले गेले, तर हे कोणाच्या पापाचे फळ असे विचारत बसू नये. आधी त्याच्या दारी जावे. संत गोन्सालो, आम्हांसाठी विनंती करा.