सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : मोजून पाणी देण्याचा धडा

म्हैसूर संस्थानात जन्मलेले विश्वेश्वरय्या पुण्यात अभियांत्रिकी शिकले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नीरा कालव्यावर काही शेतकरी उसाला बेसुमार पाणी देत. त्यामुळे जमिनी पाणथळ होत आणि पुढच्या शेतांना पाणी पुरत नसे. यावर त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली: पाणी ठरावीक क्षेत्राला, पाळीने आणि पिकांची फेरपालट करून द्यायचे. सुरुवातीला विरोध झाला. त्यांनी शेतकऱ्यांशी बोलून पद्धत समजावली. १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले, १९६२ मध्ये निधन झाले.

शहापूर-मुरबाडच्या पॉलिहाऊसधारकांनाही हाच धडा लागू पडतो. पावसाळ्यात भूजल वर येते, निचरा नसेल तर जरबेरा आणि ढोबळी मिरचीची मुळे कुजतात. उन्हाळ्यात मात्र विहिरी तळ गाठतात. म्हणून पावसापूर्वी पॉलिहाऊसभोवती उताराच्या दिशेने चर काढावेत, गादीवाफे उंच ठेवावेत, छताचे पाणी शेततळ्यात साठवावे आणि ठिबकचे पाणी वाफसा पाहूनच द्यावे.