अंधाऱ्या खोलीतली चंद्रकोर

रमजानचा २९ वा रोजा सुटला की मोहल्ल्यातल्या गच्च्या भरून जातात. तोंडातला खजूर संपायच्या आत नजरा पश्चिमेला लागलेल्या असतात. अलीकडे त्या गर्दीत ट्रायपॉडवर झूम लेन्स लावून बसलेला एखादा हौशी छायाचित्रकारही असतो. त्याची तयारी आधीच झालेली असते. भिंतीवर वर्तमानपत्राचे पान चिकटवायचे, कॅमेरा जराही हलू द्यायचा नाही आणि तेच पान एफ/४, ५.६, ८, ११, १६ अशा एकेका अ‍ॅपर्चरवर टिपायचे. झूम कमी असताना एकदा आणि पूर्ण लांबवून पुन्हा एकदा. मग अक्षरे मोठी करून बघायची. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे असले की बहुतेक लेन्सवर कडेची अक्षरे विस्कटतात. फार बारीक केले तर सगळेच पान किंचित धूसर होते. सर्वांत रेखीव चित्र मध्येच कुठेतरी, बरेचदा एफ/८ च्या आसपास सापडते. नेमके कुठे, ते मात्र प्रत्येक लेन्स तपासल्याशिवाय कळत नाही.

छिद्र लहान-मोठे केले की चित्राचे काय होते, याचा पद्धतशीर शोध घेणाऱ्यांत एक नाव फार जुने आहे. अबू अली अल हसन इब्न अल हैसम. त्यांचा जन्म इ.स. ९६५ च्या सुमारास इराकमधील बसरा शहरात झाला. युरोपने त्यांना पुढे अल्हाझेन म्हटले. इराकच्या १०,००० दिनारच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले गेले. आपल्याकडे मात्र हे नाव रमजानमध्ये फिरणाऱ्या मोबाइल संदेशांतच जास्त भेटते, आणि त्यात बऱ्याचदा कॅमेरा हा शब्द अरबी ‘कमरा’पासून आल्याचे ठोकून दिलेले असते. ते खरे नाही. शब्द लॅटिन आहे, अर्थ खोली. इब्न अल हैसम यांना असल्या उसन्या मोठेपणाची गरजही नाही.

त्यांच्या आयुष्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट मात्र एका फसलेल्या दाव्याची आहे. नाईल नदीला कधी महापूर येई, कधी पाणी इतके कमी की दुष्काळ पडे. मिसरमध्ये आपण असतो तर या पाण्याचे नियमन करून दाखवले असते, असे ते बसऱ्यात बोलून गेले. ही गोष्ट कैरोतील फातिमी खलिफा अल हाकिमच्या कानी गेली. खलिफाने त्यांना बोलावून घेतले, आदराने स्वागत केले आणि माणसे देऊन दक्षिणेकडे रवाना केले.

वाटेत प्राचीन मिसरी लोकांची भव्य बांधकामे लागली. ती पाहताना त्यांच्या मनात पाल चुकचुकली. इतके अचूक मोजमाप जाणणाऱ्यांना नदी अडवणे शक्य असते, तर त्यांनी ते केलेच असते. अस्वानजवळ अल जनादिल येथे नदी खडकांतून खळाळत उतरते. तिथे जाऊन त्यांनी दोन्ही काठ नीट पाहिले आणि आपली योजना चालणार नाही हे त्यांच्या ध्यानात आले. (त्याच भागात पुढे विसाव्या शतकात धरणे झाली, पण त्यासाठी लागणारी साधने त्यांच्या काळात नव्हती.) ते परत फिरले आणि खलिफापुढे चूक कबूल केली.

अल हाकिम हा लहरी आणि रक्तपाताला न कचरणारा राज्यकर्ता होता. त्याने वरवर माफ केले, एक सरकारी काम दिले; पण ही माफी किती दिवस टिकेल याचा भरवसा नव्हता. तेव्हा इब्न अल हैसम यांनी वेड पांघरले. मालमत्ता जप्त झाली, देखरेखीला माणूस नेमला गेला आणि ते घरातच अडकून पडले. १०२१ मध्ये एका रात्री अल हाकिम मुकत्तमच्या टेकड्यांकडे गेला तो परतलाच नाही. मग यांचे वेडही बरे झाले. ही हकीकत सुमारे दोनशे वर्षांनी इब्न अल किफ्ती यांनी लिहिली. दुसरा चरित्रकार वेडाचे सोंग बसऱ्यातले, सरकारी नोकरीतून सुटण्यासाठी घेतलेले सांगतो. तपशिलात फरक असला, तरी दोन्हीकडे त्यांना हवा होता तो अभ्यासाला निवांत वेळ.

‘किताब अल मनाझिर’ हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ प्रकाश आणि दृष्टी यांवर आहे. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमीसारखे थोर ग्रीक मानत. इब्न अल हैसम यांनी साधी गोष्ट दाखवली: प्रखर सूर्याकडे पाहिले की डोळ्याला इजा होते, म्हणजे काहीतरी बाहेरून आत येते. वडीलधाऱ्यांचा आदर राखूनही त्यांचे म्हणणे तपासायचे, ही त्यांची रीत होती. टॉलेमीवरील शंकांचाच त्यांनी एक वेगळा ग्रंथ लिहिला. नाईलच्या बाबतीत न तपासता बोललेला माणूस पुढे प्रत्येक विधानाला प्रयोगाची जोड देताना दिसतो, हे वाचताना जाणवत राहते.

त्यांचा दिव्यांचा प्रयोग आज कोणीही घरी करून पाहावा. अंधाऱ्या जागेत उघडणारे एक छोटे छिद्र, बाहेर त्याच्यासमोर ओळीने दिवे. जितके दिवे तितके प्रकाशाचे ठिपके आतल्या भिंतीवर पडतात. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका जातो. सगळ्या दिव्यांचा प्रकाश एकाच छिद्रातून जातो, तरी एकमेकांत मिसळत नाही.

ग्रहणाच्या आकारावर त्यांनी स्वतंत्र छोटा ग्रंथ लिहिला. खंडग्रास सूर्यग्रहणात झाडाच्या पानांमधून जमिनीवर शेकडो चिमुकल्या कोरी पडतात, हे आपल्याकडेही अनेकांनी पाहिले असेल. ग्रीकांनाही ते कोडे ठाऊक होते. इब्न अल हैसम यांनी पुढचा प्रश्न विचारला: छिद्र लहान असताना कोर दिसते, ते वाढवत नेले तर? कोरीची आतली पोकळ बाजू हळूहळू भरत जाते आणि शेवटी नुसता गोल उजेड उरतो.

त्यांनी दिलेले कारण असे. मोठे छिद्र म्हणजे शेजारीशेजारी असलेली असंख्य बारीक छिद्रे. प्रत्येक बिंदू आपापली कोर भिंतीवर टाकतो आणि ती शेजारच्या कोरीपासून किंचित सरकलेली असते. छिद्र लहान असेल तर हे सरकणे कळत नाही. मोठे असेल तर कोरीवर कोरी चढून आकारच बुजतो. म्हणून केवळ छिद्राचा आकार पाहून भागत नाही, भिंत किती दूर आहे तेही पाहावे लागते. आजच्या हिशेबाने बोलायचे तर भिंत ३ मीटरवर असेल तर सूर्याची प्रतिमा साधारण २८ मिलिमीटरची पडते. तिथे २ मिलिमीटरचे छिद्र कोर स्वच्छ दाखवील, २५ मिलिमीटरचे तिचा जवळजवळ गोळा करून टाकील. छिद्र फारच बारीक केल्यावर प्रकाश कडेला पसरतो आणि चित्र पुन्हा बिघडते, हे विवर्तन युरोपात सतराव्या शतकात ओळखले गेले. गच्चीवरचा छायाचित्रकार एफ/२२ टाळतो तो त्यामुळे.

त्याच ग्रंथात त्यांनी चंद्रालाही घेतले. चंद्राचा उजेड छिद्रातून पाडला तर, आकाशात कोर असूनही, भिंतीवर गोलच का दिसतो? चंद्राचा प्रकाश क्षीण असतो. कोर उमटावी इतके छिद्र बारीक केले तर भिंतीवर डोळ्याला काहीच दिसत नाही, आणि उजेड दिसावा म्हणून मोठे केले तर आकार हरवतो. म्हणूनच हिलाल पाहायला गच्चीवर जावे लागते.

पुढची वर्षे त्यांनी अल अझहर मशिदीजवळ काढली. किब्ल्याची दिशा गणिताने कशी काढावी यावरही त्यांनी लिहिले. पोटासाठी मात्र ते युक्लिड आणि टॉलेमीचे ग्रंथ स्वतःच्या हाताने उतरवून विकत. वर्षाकाठी १५० मिसरी दिनार मिळत, त्यात भागे. १०४० च्या सुमारास कैरोतच त्यांचे निधन झाले.

‘किताब अल मनाझिर’ लॅटिनमध्ये गेला, १५७२ मध्ये बासेलला छापलाही गेला. ग्रहणाच्या छोट्या ग्रंथाचा तसा जुना लॅटिन अनुवाद आढळत नाही. पूर्वेकडे इराणच्या कमालुद्दीन अल फारिसी यांनी त्यावर भाष्य लिहिले. युरोपातले विद्वान मात्र त्याच कोड्याशी झगडत राहिले. अखेर १६०० च्या सूर्यग्रहणानंतर योहानेस केप्लर यांनी उंचावर एक पुस्तक टांगले, त्याच्या कडेला दोरा बांधला, तो दोरा एका कोनाकोनांच्या छिद्रातून ओवून खाली जमिनीवर रेघा मारत नेला. पुस्तकाच्या कडेचा एकेक बिंदू घेत गेल्यावर छिद्राच्या आकाराच्या रेघांवर रेघा चढल्या आणि त्यांतून पुस्तकाचा चौकोन उभा राहिला.