विश्लेषण : कथा-कादंबऱ्यांतील बाईविषयी पहिला जाब विचारणाऱ्या वऱ्हाडच्या ताराबाई शिंदे कोण होत्या?

कथा, चित्रपट, वेब मालिका आणि अलीकडे विज्ञानकथा यांतील स्त्री पात्रे कोण रंगवतो आणि कशी रंगवतो, यावर समाजमाध्यमांत रोज वाद झडतात. हा वाद नवा असल्याचे अनेकांना वाटते. मराठीत तो दीडशे वर्षांच्या आसपास जुना आहे. १८८२ मध्ये बुलढाण्यात राहणाऱ्या एका बाईने त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्या आणि नाटके यांची नावे घेऊन त्यांच्या लेखकांना जाब विचारला. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे तिचे छापून आलेले एकमेव पुस्तक. स्त्रीवादी लेखन म्हणून त्याचा उल्लेख नेहमी होतो, पण त्यातील साहित्याच्या चिकित्सेकडे तुलनेने कमी लक्ष जाते.

ताराबाईंची जडणघडण कशी झाली?

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्यातील मराठा कुटुंबात झाला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढे पूर्व वऱ्हाडचे मुख्य ठाणे अमरावतीला आणि पश्चिम वऱ्हाडचे अकोल्याला झाले. बुलढाणा मात्र अकोल्याच्या पश्चिमेला, घाटावरचे जिल्ह्याचे लहानसे गाव होते. रेल्वे खाली मलकापूरला. पुण्या-मुंबईच्या वादविवादांपासून लांब असलेल्या या गावात ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ते सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते आणि १८७१ मध्ये इंग्रजी शिकलेल्या देशबांधवांना उद्देशून त्यांनी एक पुस्तकही प्रसिद्ध केले होते.

चार भावांत एकुलत्या असलेल्या या मुलीला वडिलांनी घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. लग्न लहानपणीच झाले, मात्र ताराबाई सासरी गेल्या नाहीत. नवराच घरजावई म्हणून बुलढाण्यात राहिला. मूलबाळ झाले नाही. त्या काळच्या मराठा घरात बायका घोशात असत. सासू नाही, मुले नाहीत आणि घरात पुस्तके आहेत, अशी मोकळीक फार थोड्या बायकांच्या वाट्याला येत असे. या मोकळिकीतच ताराबाईंनी भरपूर वाचले असावे. पुराणे, संस्कृत सुभाषिते, नवी नाटके, कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रे यांचे दाखले त्यांच्या पुस्तकात सहज येतात.

लेखणी उचलण्यास निमित्त काय घडले?

१८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात बाळाला मारल्याचा खटला चालला. न्यायालयाने तिला फाशी सुनावली. अपिलात तिची फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली, पुढे तीही कमी करण्यात आली. या खटल्यावर देशभरच्या वर्तमानपत्रांत चर्चा झाली. ‘पुणेवैभव’ या सनातनी वळणाच्या पत्राने त्या निमित्ताने एकूण स्त्रीजातीवरच कोरडे ओढले. नव्या वाऱ्याने बायका बिघडल्या, असा त्याचा सूर होता.

ताराबाईंना संताप आला तो या उडीचा. आरोप एका स्त्रीवर असताना दोषी सगळ्या स्त्रिया कशा ठरल्या? शिवाय त्या बाळाला एक बापही असणार. तो कचेरीत उभा राहिला नाही आणि वर्तमानपत्रातही दिसला नाही. विधवेला पुन्हा लग्नाची मुभा नाही आणि पोट राहिले तर अब्रू जाण्याचे भय. या कोंडीतून गुन्हा घडतो, असे ताराबाईंनी मांडले. पुण्यातील श्री शिवाजी छापखान्यात त्यांचे बावन्न पानांचे पुस्तक छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ही त्याच वर्षीचे. रमाबाईंचे पुस्तक स्त्रियांना वळण सांगत होते, तर ताराबाईंचे पुरुषांकडे बोट दाखवत होते.

कादंबऱ्या आणि नाटकांवर आक्षेप काय होता?

या चर्चेत कादंबऱ्यांचा संबंध कुठे येतो, असा प्रश्न पडू शकतो. ताराबाईंच्या दृष्टीने तो थेट होता. बाई जात्याच कपटी आणि चंचल, हे लोक कशावरून म्हणतात? अनुभवावरून कमी आणि ऐकीव गोष्टींवरून जास्त. म्हणून त्या या गोष्टींच्या मुळाशी गेल्या.

मराठी कादंबरी तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांची होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. दोन्ही अद्भुतरम्य, योगायोगांनी भरलेल्या आणि वाचकप्रिय. १८७१ मध्ये महादेव बाळकृष्ण चितळे यांचे ‘मनोरमा’ हे नाटक आले. बालविवाह आणि वैधव्य यांचे दुष्परिणाम दाखवण्याचा त्याचा हेतू होता, पण वाट चुकलेल्या बायकांच्या चित्रणामुळे ते गाजले. याशिवाय बायकांच्या लबाडीचे किस्से रंगवणाऱ्या ‘स्त्रीचरित्र’ या गोष्टींच्या संग्रहालाही मोठा वाचकवर्ग होता. ताराबाईंनी या चारही पुस्तकांचा समाचार घेतला.

त्यांचा मुद्दा साधा होता. ही पुस्तके पुरुषांनी लिहिली. त्यांत बाईचे डावपेच तपशीलवार येतात, पण तिला त्या वाटेला नेणाऱ्या पुरुषाचे वर्णन पुसट राहते. मग वाचणारा त्या पात्रावरून घरातल्या बाईला जोखतो. लेखकाने कल्पनेतून उभी केलेली बाई अशा रीतीने खऱ्या बाईविरुद्धची साक्षीदार होते. विजयालक्ष्मीच्या निमित्ताने वर्तमानपत्रात हेच घडत होते.

पुस्तकाच्या रचनेतही हा उलटतपासणीचा बाज आहे. स्त्रीच्या दुर्गुणांची यादी देणारा एक संस्कृत श्लोक ताराबाईंनी समोर ठेवला आणि त्यातील एकेक दुर्गुण उचलून पुरुषांत तो किती, असे विचारत त्या पुढे गेल्या. कपट, साहस, संशय, उद्धटपणा. प्रत्येक ठिकाणी पारडे पुरुषाकडेच झुकते, असा त्यांचा निष्कर्ष. काही ठिकाणी त्या अतिशयोक्ती करतात आणि रागाच्या भरात विषय सोडून दूरही जातात. पण भाषा तोंडी बोलण्यातली, म्हणींनी भरलेली, टोमणे मारणारी आहे. नव्या गद्याच्या संस्कृतप्रचुर वळणापुढे ती आजही ताजी वाटते.

पुराणांतील नायिकांनाही सोडले नाही?

नव्या कादंबऱ्यांपेक्षा जुन्या कथांवर बोट ठेवणे अधिक धोक्याचे होते. तेही ताराबाईंनी केले. पुराणांतील देव आणि ऋषी जसे वागले तसे एखादी बाई वागली असती तर तिचे काय झाले असते, हा त्यांचा प्रश्न. पतिव्रतेचा आदर्श म्हणून सावित्री सांगितली जाते. तिने नवऱ्यासाठी यमाचा दरबार गाठला. बायकोसाठी त्या वाटेवर पाऊल टाकलेला एखादा नवरा दाखवा, असे आव्हान ताराबाईंनी दिले. आदर्श नायिकेची गोष्ट त्यांनी नाकारली नाही. त्याच गोष्टीत नायकाची जागा रिकामी आहे, एवढेच दाखवून दिले.

विज्ञानकथेशी त्याचे नाते काय?

पुस्तकातील सर्वात खट्याळ भाग भूमिकांच्या अदलाबदलीचा आहे. नवरा मेला की बाईचे केस जातात आणि चांगले खाणे-नेसणे संपते. मग बायको मेली की पुरुषाने दाढीमिशा उतरवून उरलेले आयुष्य रानात का काढू नये, अशी विचारणा ताराबाई करतात. नियम तोच, फक्त व्यक्ती बदलायची.

विज्ञानकथा आणि विशेषतः लिंगभावाच्या ठरीव चौकटी मोडणाऱ्या कथा हेच तंत्र वापरतात. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ या कथेत पुरुष पडद्याआड आणि कारभार तसेच प्रयोगशाळा बायकांच्या हाती असलेला देश रंगवला. उर्सुला ली ग्विन यांच्या १९६९ च्या कादंबरीतील ग्रहावर तर माणसे कायमची स्त्री किंवा पुरुष नसतातच. ताराबाईंनी कथा लिहिली नाही आणि त्यांना विज्ञानकथाकार म्हणणे ओढूनताणून होईल. पण जग उलटे करून पाहिले की त्यातील अन्याय उघडा पडतो, हे त्यांनी रुकैयांच्या तेवीस वर्षे आधी ओळखले होते.

समकालीनांची प्रतिक्रिया काय होती?

पुस्तकावर टीका झाली. सत्यशोधक वर्तुळातूनही नापसंतीचे सूर निघाले. सुधारणेच्या बाजूचे म्हणवणाऱ्यांनाही बाईचा हा आवाज झेपला नाही. जोतीराव फुले मात्र ठामपणे ताराबाईंच्या मागे उभे राहिले. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी मुलीचा करावा तसा मायेने ताराबाईंचा उल्लेख केला आणि टीकाकारांना सुनावले.

त्यानंतर ताराबाईंचे काहीही छापून आले नाही. १९१० च्या सुमारास त्यांचे निधन झाले. म्हणजे पुस्तकानंतरची जवळपास अठ्ठावीस वर्षे लेखनाविना गेली. टीकेने मन खट्टू झाले, वडिलांनंतर पाठबळ राहिले नाही की पुण्यापर्यंत हस्तलिखित पोहोचवणारे कोणी उरले नाही, यांपैकी कोणत्याही एका कारणावर बोट ठेवता येत नाही.

पुस्तक पुन्हा वाचकांपर्यंत कधी आले?

दरम्यान वऱ्हाडातच दुसरी लेखणी पुढे आली होती. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील वाशीमला १९०७ मध्ये जन्मलेल्या गीता साने विज्ञानाच्या पदवीधर होत्या आणि लग्नानंतरही त्यांनी माहेरचेच नाव लावले. १९३६ पासून पुढची चौदा वर्षे ‘निखळलेली हिरकणी’, ‘वठलेला वृक्ष’, ‘दीपस्तंभ’ अशा कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ पाहणाऱ्या, नवऱ्याच्या घराबाहेरचे जगणे आजमावणाऱ्या नायिका त्यांनी उभ्या केल्या. ताराबाईंनी ज्या चित्रणाबद्दल तक्रार केली होती, त्याला हे कादंबरीतूनच दिलेले उत्तर म्हणता येईल.

पण साने लिहीत होत्या तेव्हा ताराबाईंच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघालेली नव्हती. संशोधक स. गं. मालशे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुन्हा प्रकाशात आणली ती १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात. रोझलिंड ओहॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद १९९४ मध्ये आला आणि विलास खोले यांनी संपादित केलेली मराठी आवृत्ती १९९७ मध्ये. पहिल्या पाचशे प्रतींनंतर दुसऱ्यांदा छापले जाण्यासाठी या पुस्तकाला त्र्याण्णव वर्षे थांबावे लागले होते.