न्यायालयाची बंद दारे उघडणाऱ्या बेल्वा लॉकवूड

चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीला नुकसानभरपाई देण्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल १९०६ रोजी कायम केला. पूर्वेकडील चेरोकींची बाजू तेथे मांडणाऱ्या वकील बेल्वा लॉकवूड त्या वेळी ७५ वर्षांच्या होत्या. तीस वर्षांपूर्वी याच न्यायालयाने केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता.

बेल्वा यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉयल्टन येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. अठराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. पाच वर्षांतच वैधव्य आले आणि लहान मुलीची जबाबदारी अंगावर पडली. तशा परिस्थितीतही त्यांनी १८५७ मध्ये पदवी मिळवली. शिक्षिकेची नोकरी करताना पुरुष सहकाऱ्यांपेक्षा बराच कमी पगार हाती पडे. ती सल त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

१८६६ मध्ये त्या वॉशिंग्टनला आल्या. विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होईल, असे कारण देऊन तेथील एका महाविद्यालयाने त्यांना कायद्याच्या वर्गात प्रवेश नाकारला. नॅशनल युनिव्हर्सिटीत त्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, पण पदवीपत्र अडवून ठेवण्यात आले. संस्थेचे पदसिद्ध अध्यक्ष असलेले राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांना बेल्वा यांनी थेट पत्र लिहिले. लवकरच पदवीपत्र हाती आले आणि १८७३ मध्ये त्यांना राजधानीतील न्यायालयांत वकिलीची परवानगी मिळाली.

यादवी युद्धात जायबंदी झालेले सैनिक आणि युद्धात पती गमावलेल्या स्त्रिया त्यांच्या अशिलांत मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या निवृत्तिवेतनाचे दावे बेल्वा लढवीत. सरकारविरुद्धचे दावे मात्र संघराज्याच्या दावे न्यायालयात चालत आणि त्या न्यायालयाने १८७४ मध्ये त्यांना प्रवेश नाकारला. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रथेकडे बोट दाखवून नकार दिला. प्रथा आड येत असेल तर कायदाच बदलावा, या निर्धाराने त्यांनी काँग्रेस सदस्यांच्या भेटीगाठी घेतल्या. अखेर १५ फेब्रुवारी १८७९ रोजी पात्र स्त्री वकिलांना सर्वोच्च न्यायालय खुले करणारा कायदा झाला. त्याच वर्षी ३ मार्च रोजी त्या तेथे प्रवेश मिळालेल्या पहिल्या स्त्री वकील ठरल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी सॅम्युअल लोअरी या कृष्णवर्णीय वकिलाच्या प्रवेशाचा प्रस्ताव त्याच न्यायालयात मांडला.

तरीही सारी दारे उघडली नव्हती. व्हर्जिनिया राज्याने परवानगी नाकारल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मात्र राज्याच्या कायद्यातील 'व्यक्ती' या शब्दात स्त्री येते की नाही, हे राज्यानेच ठरवावे, असा निर्णय १८९४ मध्ये त्यांच्या विरोधात गेला. १८८४ आणि १८८८ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढवली. मताधिकार नसला तरी उमेदवारीस कायद्याची आडकाठी नाही, ही त्यांची भूमिका होती.

चेरोकींचा दावा हा या कारकिर्दीचा कळस ठरला. १८३५ च्या न्यू एकोटा करारानुसार या जमातीला आपली भूमी सोडून पश्चिमेकडे जावे लागले. १८३८-३९ च्या त्या सक्तीच्या स्थलांतरात हजारो चेरोकी मृत्युमुखी पडले. वर स्थलांतराचा खर्चही सरकारने त्यांच्याच करारनिधीतून वळता करून घेतला होता. ही मूळ रक्कम सुमारे ११ लाख डॉलर होती. १८३८ पासूनच्या पाच टक्के व्याजासह ती सुमारे ५० लाख डॉलरवर गेली. एवढ्या काळात मूळ पीडितांपैकी बहुतेक जण काळाच्या पडद्याआड गेले होते. भरपाई त्यांच्या वारसांच्या वाट्याला आली.

१९ मे १९१७ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी बेल्वा यांचे निधन झाले. अमेरिकी स्त्रियांना देशव्यापी मताधिकार त्यानंतर तीन वर्षांनी, १९२० मध्ये मिळाला. दोनदा राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार असलेल्या या स्त्रीला त्या पदासाठी स्वतःचे मत मात्र कधीच देता आले नाही.