खडूच्या नळीतला शास्त्रज्ञ

2025 मध्ये छिंदवाड्याची काही लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली. त्यातली अनेक वाचली नाहीत. खोकल्याच्या औषधात डायइथिलिन ग्लायकॉल हे विष सापडले. औषधातला एकेक घटक वेगळा करून मोजण्याचे मुख्य तंत्र म्हणजे क्रोमॅटोग्राफी. तिचा जनक मिखाईल त्स्वेत.

त्स्वेत यांचा जन्म 1872 चा, इटलीतल्या आस्ती गावचा. वडील रशियन, आई इटालियन. आई लवकर गेली. शिक्षण जिनिव्हात झाले. 1896 मध्ये ते रशियात गेले, तर तिथे जिनिव्हाची डॉक्टरेट चालेना. पुन्हा परीक्षा, पुन्हा प्रबंध. पुढे वॉर्सात नोकरी मिळाली. तिथे त्यांनी काचेच्या नळीत खडूची पूड भरली आणि वरून पानांचा अर्क सोडला. हिरवे, पिवळे पट्टे वेगवेगळे उतरले. 1903 मध्ये त्यांनी हे काम मांडले आणि 1906 मध्ये त्याला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. रशियन भाषेत त्स्वेत म्हणजेच रंग!

नामवंत रसायनतज्ज्ञांचा मात्र विश्वास बसला नाही. महायुद्धात वॉर्सा सोडावे लागले. 1919 मध्ये वोरोनेझ इथे, वयाच्या 47 व्या वर्षी, ते वारले. 1931 नंतर हायडलबर्गच्या संशोधकांनी हीच पद्धत पुन्हा उचलली आणि ती जगभर गेली.

आज खडूच्या जागी बहुधा सिलिकाचे बारीक कण आहेत, पंपाचा दाब आहे आणि डोळ्यांऐवजी संवेदक. पण रिकाम्या नमुन्यातही यंत्राची रेघ थोडी थरथरते. या थरथरीच्या साधारण तिप्पट उंचीचा उंचवटा दिसला, तर पदार्थ आहे असे म्हणता येते. तो किती आहे हे सांगायला साधारण दहापट उंची लागते. शिवाय तोच नमुना पाच-सहा वेळा मोजून आकडे एकमेकांच्या किती जवळ येतात, तेही पाहावे लागते.

म्हणून अहवालात पदार्थ आढळला नाही असे लिहिले असेल, तर तो शून्य आहे असे समजू नये. तो त्या पद्धतीच्या मर्यादेखाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. औषधातल्या या विषाची मर्यादा 0.1 टक्का आहे. तपासणीची पद्धत त्याहून बरेच कमी प्रमाण पकडणारी हवी आणि औषध बाजारात येण्याआधी ती वापरलीही जायला हवी. त्स्वेत यांनी वाट दाखवून शतक उलटले आहे.