आणलेली मुलगी

आमच्या ग्रंथालयात काचेच्या कपाटात वरच्या खणात इंग्रजी कादंबऱ्या आहेत. त्या सहसा कोणी मागत नाही. मीही मागितल्या नसत्या. पण गेल्या वर्षी इंग्रजीच्या सरांनी पर्ल बक या लेखिकेवर दहा मिनिटे बोलायला सांगितले आणि माझी पंचाईत झाली. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. इंग्रजी पुस्तक हातात घेतले की एका पानाला अर्धा तास लागतो. तरी शब्दकोश शेजारी ठेवून वाचत गेले. दहा मिनिटांचे भाषण झाले, सरांनी बरे म्हटले, विषय संपला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. त्याचे कारण वाचकांना पुढे कळेलच.

पर्ल बक यांचा जन्म २६ जून १८९२ रोजी अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातील हिल्सबरो या खेड्यात झाला. आईवडील चीनमध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक होते. सुटीवर मायदेशी आलेले असताना ही मुलगी झाली आणि काही महिन्यांची असतानाच तिला घेऊन ते परत चीनला गेले. यांगत्झे नदीच्या काठी झेनजियांग नावाचे शहर आहे, तिथे पर्लबाईंचे बालपण गेले. वडील गावोगाव हिंडत. आईने सात मुलांना जन्म दिला, त्यांतली तीनच मोठी झाली. घरात वांग नावाची म्हातारी चिनी दाई होती. तिच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकत पर्लबाई चिनी भाषा इंग्रजीच्या बरोबरीने शिकल्या. पुढे एका चिनी गुरुजींनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवले. जन्माने अमेरिकन, वाढीने चिनी, अशी ही मुलगी. कुठल्याच गावाला ती पुरती आपली वाटली नसेल.

कॉलेजसाठी त्या अमेरिकेत गेल्या आणि १९१४ साली पदवी घेतली. आईच्या आजारपणामुळे त्या पुन्हा चीनला आल्या. १९१७ साली जॉन लॉसिंग बक या शेतीतज्ज्ञाशी लग्न झाले. आन्हुई प्रांतातल्या कोरडवाहू मुलखात दोघांनी संसार मांडला. नवरा चिनी शेतकऱ्यांच्या जमिनीची आणि पिकांची पाहणी करायचा. पर्लबाई शेतकऱ्यांच्या बायकांच्या घरी बसून त्यांचे ऐकायच्या. पुढे जगभर गाजलेल्या 'द गुड अर्थ' या कादंबरीचे बी तिथेच पडले.

४ मार्च १९२० रोजी त्यांना मुलगी झाली. तिचे नाव कॅरॉल. बाळ दिसायला अतिशय देखणे होते. बाळंतपणानंतर पर्लबाईंच्या गर्भाशयात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि आपल्याला पुन्हा मूल होणार नाही हे त्यांना कळले. तोवर नवऱ्याला नानजिंगच्या विद्यापीठात काम मिळाले होते. तिथल्या घरात कॅरॉल वाढू लागली, पण ती फक्त अंगाने वाढत होती. इतर मुले चालू-बोलू लागली तरी ती मागेच राहिली. प्रत्येक जण धीर देई की काही मुलांना उशीर लागतो. आई मात्र आतून समजून चुकली होती.

कॅरॉलला काय झाले होते हे त्या वेळी जगात कोणालाच ठाऊक नव्हते. फेनिलकीटोन्युरिया नावाचा हा जन्मजात दोष आहे. अन्नातल्या प्रथिनांमधला एक घटक अशा मुलाच्या शरीरात पचत नाही. तो रक्तात साठतो आणि वाढत्या मेंदूची हानी करतो. नॉर्वेच्या फॉलिंग नावाच्या डॉक्टरांनी तो १९३४ साली ओळखला. आज बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तो तपासता येतो आणि जन्मापासून पथ्याचा आहार दिला तर मूल नीट वाढते. कॅरॉल यापूर्वी जन्मली होती, इतकाच तिचा दोष.

१९२४ साली बक कुटुंब रजेवर अमेरिकेला गेले. पर्लबाई कॅरॉलला घेऊन एकेका डॉक्टरकडे फिरल्या. शेवटी मिनेसोटातल्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये मोठ्या डॉक्टरांनी तपासून गोलगोल उत्तर दिले. बाहेर पडताना दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, की ही मुलगी कधीच बरी होणार नाही, आशेच्या मागे धावून स्वतःचे आयुष्य जाळू नका. त्या कठोर माणसाचे आपल्यावर उपकार आहेत, असे पर्लबाईंनी पुढे लिहिले.

याच रजेत त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून एम. ए. चा अभ्यास पुरा केला. आणि १९२५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या अनाथाश्रमातून एक तीन महिन्यांची मुलगी दत्तक घेतली. तिचे नाव जॅनिस.

इथे मी वाचता वाचता थांबले होते.

कारण मीही आणलेली मुलगी आहे. माझ्या आईला पहिला मुलगा झाला, माझा दादा. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला बोलता येत नाही, स्वतःच्या हाताने जेवता येत नाही. त्याच्यानंतर आईला मूल राहिले नाही. मामाला तिसरी मुलगी झाली तेव्हा आईने तिला चार महिन्यांची असताना मागून घेतली. ती मी. कागदोपत्री दत्तकविधान वगैरे काही झाले नाही, शाळेत नाव घालताना आईवडिलांनी आपलेच नाव लावले. वडील बाजार समितीत हमाली करतात. भाऊबंदांनी तेव्हा वडिलांना नावे ठेवली, की आणायचाच होता तर मुलगा आणायचा, दुसऱ्याची पोर पोसून उपयोग काय. मी सातवीत असताना शेजारच्या एका काकूंनी मला सहज सांगितले की तुला दादाला सांभाळायला आणले आहे. काकू वाईट नाहीत, त्यांना वाटले मला ठाऊकच असेल. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या पोटात होता. आईला कधी विचारला नाही.

म्हणून जॅनिसची गोष्ट मी दोनदा वाचली. १९२५ सालीच हे चौघे बोटीने पॅसिफिक महासागर ओलांडून चीनला परतले. थोरली पाच वर्षांची, पण समज त्याहून फार कमी. धाकटी तान्ही. आजवर अनेक मुले चीनमधून परदेशी दत्तक गेली. १९९२ पासून तो रीतसर मार्गच झाला होता आणि २०२४ साली चीनने तो बंद केला. जॅनिस मात्र उलट वाटेने गेली, अमेरिकेतून चीनला. नानजिंगचे ते घर मोठे होते, भोवती बाग होती. पर्लबाईंचे म्हातारे वडील तिथेच राहत. त्या काळी चिनी घरात मुलगी झाली तर कोणी साखर वाटत नसे. इथे तर एका बाईने आपण होऊन दुसऱ्याची मुलगी निवडून आणली होती. आमच्या भाऊबंदांना जे कळले नाही ते तिथल्या शेजारणींनाही कळले नसेल.

पण एक गोष्ट पर्लबाईंनी आवर्जून नोंदवली आहे. कॅरॉलला चिनी माणसांनी कधी हिणवले नाही. आहे ती अशी आहे, असे समजून ते तिच्याशी वागत. तिच्याबद्दल वाईट शब्द त्यांनी ऐकला तो शांघायच्या रस्त्यावर, दोन तरुण अमेरिकन बायकांच्या तोंडून. शिकलेली माणसे शहाणी असतातच असे नाही, हे मला पटते. दादाला घेऊन आई एका शाळेत गेली होती तेव्हा तिला दारातूनच परत पाठवले होते.

घरात धाकटी वाढू लागली, बोलू लागली. थोरली तिथेच राहिली. एका आईच्या डोळ्यांसमोर हे रोज घडत होते. धाकटीचा पहिला शब्द ऐकून आनंद व्हावा आणि त्याच क्षणी थोरलीकडे नजर जावी. आमच्या घरात मी पहिलीत पाटीवर अक्षर काढले तेव्हा आई हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही, हे मला आठवते. तेव्हा मला वाटले होते की माझे अक्षर चुकले.

मार्च १९२७ मध्ये नानजिंगवर संकट आले. राष्ट्रवादी सैन्य शहरात शिरले आणि २४ तारखेला परदेशी लोकांवर हल्ले सुरू झाले. विद्यापीठाचे उपाध्यक्ष विल्यम्स गोळी लागून ठार झाले. बक कुटुंबाला लु नावाच्या एका गरीब चिनी बाईने आपल्या झोपडीत लपवले. पर्लबाईंनी पूर्वी तिला अडचणीत मदत केली होती. त्या अंधाऱ्या खोलीत पर्लबाई, नवरा, म्हातारे वडील, बहीण, तिचा नवरा, त्यांचे मूल, आणि कॅरॉल व जॅनिस जवळजवळ दिवसभर बसून होते. बाहेर लुटालूट चालू होती. एका पोराने रडून गलका केला असता तर सगळे संपले असते. संध्याकाळी नदीतल्या इंग्रज-अमेरिकन युद्धनौकांनी तोफा डागल्या आणि मग त्यांची सुटका झाली. घर लुटले गेले. एका कादंबरीचे हस्तलिखितही गेले. काही महिने जपानच्या डोंगरात काढून पुढच्या वर्षी ते नानजिंगला परतले.

मग पर्लबाईंनी आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय घेतला. आपल्यामागे कॅरॉलचे काय, हा प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता. १९२९ साली न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड येथील शाळेत त्यांनी तिला ठेवले. तिथला खर्च वर्षाला हजार डॉलर होता. त्यासाठी त्यांनी कर्ज काढले. १९३० साली कॅरॉलशिवाय त्या चीनला परतल्या. घर फार सुने वाटू लागले, तेव्हा माळ्यावरच्या खोलीत टंकलेखन यंत्रापुढे बसून सुमारे तीन महिन्यांत त्यांनी 'द गुड अर्थ' लिहून काढली. त्या कादंबरीतल्या शेतकऱ्याची थोरली मुलगी अशीच मतिमंद आहे आणि बापाचा तिच्यावर फार जीव आहे. १९३१ साली पुस्तक निघाले, १९३२ साली पुलित्झर मिळाले आणि १९३८ साली साहित्याचे नोबेल. हे मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. जग त्यांना ओळखू लागले, पण कॅरॉलविषयी त्यांनी जाहीरपणे १९५० सालापर्यंत काही लिहिले नाही. मग 'द चाइल्ड हू नेव्हर ग्र्यू' हे छोटे पुस्तक लिहिले. नोबेल मिळवणाऱ्या बाईला जे सांगायला तीस वर्षे लागली, ते माझ्या आईला पाहुण्यांपुढे सांगता येत नाही म्हणून मी तिच्यावर रागावत होते. आता रागावत नाही.

बाकीचे थोडक्यात सांगते. १९३४ साली त्यांनी चीन कायमचा सोडला. १९३५ साली पहिल्या नवऱ्याशी घटस्फोट घेऊन प्रकाशक रिचर्ड वॉल्श यांच्याशी लग्न केले. पेनसिल्व्हेनियातल्या शेतघरात आणखी मुले दत्तक घेतली. १९४९ साली एका पंधरा महिन्यांच्या मुलाला कोणतीच संस्था घर शोधून देईना, कारण त्याची आई अमेरिकन आणि बाप आपल्या हिंदुस्थानातला. तेव्हा पर्लबाईंनी 'वेलकम हाउस' ही संस्था काढली आणि रंगामुळे नाकारलेल्या मुलांना घरे मिळवून दिली. १९७२ साली त्यांना चीन पुन्हा पाहायचा होता, पण तिथल्या सरकारने परवानगी नाकारली. ६ मार्च १९७३ रोजी त्या वारल्या. त्यांच्या थडग्यावर इंग्रजी नाव नाही, चिनी अक्षरे आहेत.

त्यांच्यानंतर कॅरॉलची पालक झाली ती जॅनिस. १९९२ साली कॅरॉल गेली, तोवर जॅनिसने तिची काळजी वाहिली. तीच जॅनिस मोठी होऊन रुग्णांना हाताने काम करायला शिकवून सावरणारी उपचारतज्ज्ञ झाली होती.

हे वाचून मला आधी धक्काच बसला. म्हणजे काकूंचेच खरे की काय? आणलेल्या मुलीच्या नशिबी हेच असते का? त्या रात्री धीर करून मी आईला विचारले. ती दादाला भरवत होती. हात न थांबवता तिने सांगितले, की तू आलीस तेव्हा मुठीएवढी होतीस, तुला जगवायचे एवढेच डोक्यात होते, पुढचे कोणी कशाला बघते. मग थोड्या वेळाने म्हणाली की दादाचे ओझे तुझ्यावर टाकायचे नाही असे तिने आणि वडिलांनी ठरवले आहे. कसे टाकायचे नाही, ते तिलाही ठाऊक नाही, हे आम्हा दोघींना कळत होते.

मी उत्तर दिले नाही. तिच्या हातातले ताट घेतले आणि उरलेला भात दादाला भरवला. पर्लबाईंनी जॅनिसला आणले तेव्हा त्यांना आई व्हायचे होते, राखणदार नेमायची नव्हती, असे मला वाटते. पुढे जॅनिसने जे केले ते तिचे तिने केले. माझे मला अजून ठरवायचे आहे. पण मला कोणी नेमलेले नाही, एवढे आता कळले आहे. सरांनी सांगितलेल्या दहा मिनिटांत हे बोलायचे राहिले, म्हणून इथे लिहिले.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला