नळदुर्गचा महादेवबाबा

मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. शाळा कॉन्व्हेंटची, मराठी घरात बोलण्यापुरतं, ऱ्हस्व-दीर्घाची कायमची बोंब! पण मागच्या पावसाळ्यात होस्टेलच्या आम्ही सातजणी नर-मादी धबधबा बघायला नळदुर्गला गेलो आणि तेव्हापासून एक माणूस डोक्यात जो बसलाय, तो उठायला तयार नाही. म्हटलं, लिहूनच टाकावं.

नळदुर्गचा किल्ला बहुतेकांनी पाहिला असेल. बोरी नदीवरचं ते धरण आणि धरणाच्या पोटातला पाणीमहाल, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं १६१३ सालचं काम. वरून पाणी कोसळतंय आणि आत महालात आपण कोरडे! आमच्यातल्या सिव्हिलवाल्या दोघी हे कसं जमवलं असेल यावर तासभर भांडत होत्या. परत आल्यावर माहिती शोधताना कळलं की १८५३ नंतर काही वर्षं या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार एक इंग्रज अधिकारी इथून पाहत होता. नाव, मेडोज टेलर. मी उडालेच. कारण ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ हे त्याचं पुस्तक मी शाळेत असताना वाचलेलं. लेखक कुठला, तर असेल कुठला तरी लंडनचा, एवढंच तेव्हा वाटलं होतं. तो आपल्या तुळजापूर-नळदुर्गच्या रस्त्यांवरून घोड्यावर फिरलेला माणूस निघाला!

टेलरचा जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी, म्हणजे आपण दहावीची तयारी करतो त्या वयात, हा मुलगा जहाजात बसून एकटा मुंबईला आला. एका व्यापारी पेढीत नोकरी ठरली होती. येऊन बघतो तर पेढीच डबघाईला आलेली. नात्यातल्या एका अधिकाऱ्याने खटपट करून त्याला निजामाच्या फौजेत चिकटवलं. १८२४ साल होतं. शिक्षण अर्धवट, हातात कुठली डिग्री नाही, परत जायला पैसे नाहीत.

मग त्याने शिकायला सुरुवात केली. हिंदुस्तानी, फारसी, मराठी, पुढे कानडी. जमिनीची मोजणी, बांधकाम, भूगर्भशास्त्र, कायदा, चित्रकला. यातलं कुठलंच कॉलेजात बसून नाही. घोडा, तंबू, वही, की निघाला. शिकारीचा नाद होता, रानात राहायची हौस होती, आणि बहुतेक शिक्षण त्या भटकंतीतच झालं. (आम्हाला सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला लेव्हलचा बुडबुडा मध्यावर आणताना रडू येतं आणि बाहेर ऊन आहे म्हणून आम्ही रीडिंग एकमेकींचं उतरवतो. असो. सरांनी हा कंस वाचू नये.)

विशीच्या आतच त्याच्याकडे पोलिसाचं काम आलं. तेव्हाचा तुळजापूरचा एक किस्सा त्याने आत्मचरित्रात सांगितलाय. तिथले दुकानदार पिठात वाळू मिसळून यात्रेकरूंना विकतात अशी तक्रार आली. साहेबाने दंडबिंड काही केला नाही. दुकानदारांना बोलावलं आणि त्यांचंच पीठ त्यांना समोर बसवून खायला लावलं! दातांखाली कचकच झाल्यावर सगळे सरळ आले. माझ्या मते आपल्या मेससाठीही हा उपाय विचारात घ्यायला हरकत नाही.

त्याच काळात त्याच्या भागात वाटसरूंचे खून पडत होते. टेलर माग काढत होता, पण मध्येच त्याला पलटणीत परत बोलावलं आणि तपास हातचा गेला. ते खून ठगांचे होते हे नंतर उघडकीला आलं. ही चुटपुट त्याला आयुष्यभर राहिली. पुढे पकडलेल्या ठगांच्या तोंडून त्याने त्यांच्या हकिकती ऐकल्या आणि १८३९ साली ते पुस्तक आलं. राणी व्हिक्टोरियासुद्धा ते वाचायला उतावीळ झाली होती म्हणे.

१८४१ पासून बारा वर्षं तो सुरपूरला होता. आज ते कर्नाटकात येतं. तिथला राजा वेंकटप्पा नायक लहान होता, त्याचं राज्य सांभाळायचं काम टेलरकडे. तो पोरगा त्याला अप्पा म्हणायचा. तिथे टेलरने तलाव बांधले, रस्ते केले, आणि फावल्या वेळात रानातल्या हजारो वर्षांपूर्वीच्या दगडी थडग्यांचं उत्खनन केलं. नुसतं खणून भांडी काढली नाहीत, तर थरांचे छेद काढून मोजमापासकट चित्रं केली. आपण ड्रॉइंगच्या तासाला करतो तसं अगदी सेक्शन!

तिथून तो नळदुर्गला आला. निजामाने हा मुलूख तेव्हा कंपनीकडे सोपवला होता. नवा जिल्हा म्हणजे सगळंच पहिल्यापासून. मोजणी, सारा, न्याय, रस्ते, तलाव, सगळं एका माणसाच्या डोक्यावर. लोकांना मेडोज म्हणता येईना, त्याचं झालं महादेव. महादेवबाबा! मला हे नाव फार आवडलं.

आणि मग १८५७. इथे माझी पंचाईत होते. ऑगस्टमध्ये त्याला तातडीने वऱ्हाडात बुलढाण्याला पाठवलं. हाताशी फौज नव्हती, तरी त्याने तो मुलूख शांत ठेवला. कुणासाठी, तर कंपनीसाठी. शाळेत आपण शिकलो त्या लढ्यात हा माणूस समोरच्या बाजूला होता. त्याचा सुरपूरचा पोरगा आपल्या बाजूला. वेंकटप्पा १८५८ साली उठला, हरला, हैदराबादेत पकडला गेला. टेलर त्याला तुरुंगात भेटायला गेला. ज्याला लहानाचा मोठा केला त्याला बेड्यांत बघून काय वाटलं असेल? फाशी टळली, शेवटी चार वर्षांची कैद ठरली. पण कैदेत नेत असताना वाटेतच पिस्तुलाची गोळी लागून राजा गेला. मी हे वाचून पुस्तक मिटवून ठेवलं. टेलर चांगला माणूस होता याबद्दल मला शंका नाही, पण अप्पा म्हणणारा तो मुलगा जास्त लक्षात राहतो.

१८६० साली टेलर तब्येतीमुळे निवृत्त होऊन विलायतेला गेला, त्याच वर्षी आपला हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. तिकडे बसून त्याने १८६३ साली ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्रीबुवांची मुलगी. म्हणजे देहाने तिकडे, मन बालाघाटातच.

१८७५ साली सालारजंगांच्या बोलावण्यावरून तो पुन्हा हैदराबादला आला. वय सदुसष्ट, दृष्टी जात चाललेली. इथे आजारी पडला, परत फिरला, आणि वाटेत फ्रान्समधल्या मेंतों गावी १३ मे १८७६ ला वारला. आत्मचरित्र पुढच्या वर्षी त्याच्या मुलीने छापून आणलं.

येत्या पावसाळ्यात आम्ही परत नळदुर्गला जाणार आहोत. या वेळी टेप आणि वही नेणार, पाणीमहालाचा सेक्शन काढून बघणार. सिव्हिलवाल्या दोघींचं भांडण अजून मिटलेलं नाही.